किल्ली फिरवल्यावर कान द्या

मेकॅनिकला फोन करून 'गाडी चालू होत नाही' असं सांगणं म्हणजे डॉक्टरांना 'बरं वाटत नाही' एवढंच सांगण्यासारखं आहे. डॉक्टर मग विचारतात, ताप आहे का, पोट दुखतंय का? चांगला मेकॅनिकही विचारतो, 'आवाज काय येतो?' आणि तिथेच आपण गडबडतो. कारण घाईघाईत आपण किल्ली दहा वेळा फिरवलेली असते, पण नीट ऐकलेलं एकदाही नसतं.

पेट्रोलच्या गाडीचं इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. पहिल्यांदा त्याला कुणीतरी फिरवून द्यावं लागतं, मग पेट्रोल मिळावं लागतं, आणि ते पेटायला प्लगची ठिणगी. फिरवून देण्याचं काम पूर्वी माणूसच करी. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरला समोरून हँडल मारताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत हे काम विजेच्या मोटरकडे आलं. हाच आपला 'सेल्फ'. तेव्हा पहिला प्रश्न असा, की सेल्फ इंजिनाला फिरवतोय का?

समजा, किल्ली फिरवल्यावर 'कट-कट-कट-कट' असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे फडफडतात. ही जवळजवळ नक्की बॅटरी उतरल्याची खूण. इथे लोक हटकून म्हणतात, 'पण हॉर्न तर वाजतोय!' वाजणारच. दोन्ही हेडलाइट मिळून दहा-एक अँपियर करंट घेतात, हॉर्नलाही थोडाच लागतो. सेल्फला मात्र छोट्या गाडीतसुद्धा शंभर-दोनशे अँपियर लागतात. दोन मजले चढू शकणारा माणूस सिंहगड चढेलच असं नाही. तेव्हा हॉर्नवर विश्वास ठेवू नका. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी कमजोर आहे, किंवा तिच्या टर्मिनलचा जोड सैल आहे.

हा सैल जोड आधी पाहावा, कारण त्याला खर्च येत नाही. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून पाहा. ते हलायला नको. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी चढली असेल तर करंट पुढे जात नाही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती घासून काढता येते. काढताना ऋण तार आधी काढायची, बसवताना ती शेवटी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून रात्री काडी ओढून तिथे डोकावणं नकोच.

आता दुसरा आवाज. दिवे लख्ख आहेत, पण किल्ली फिरवली की एकच जाड 'टक्' होतं आणि पुढे शांतता. इथे बॅटरीऐवजी सेल्फचा संशय घ्यावा. त्याचे ब्रश झिजले असतील. जाणता मेकॅनिक सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोकतो आणि गाडी सुरू होते. पण तो उपाय गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. दिवे लख्ख आणि 'टक्'सुद्धा नाही, असं असेल तर ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे का ते पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. बटणाच्या गाडीत किल्लीतला सेल संपला असेल, तर अनेक गाड्यांमध्ये ती किल्लीच बटणाला टेकवून दाबली की काम होतं. गाडीच्या पुस्तिकेत हे दिलेलं असतं. ती पुस्तिका आपण गाडी विकेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढत नाही, ही गोष्ट वेगळी!

तिसरा प्रकार म्हणजे सेल्फ जोमाने 'खर्र-खर्र' फिरतोय, पण इंजिन धरत नाही. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष. इथे बॅटरी बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघावं. आता पेट्रोल, ठिणगी किंवा चोरीविरोधी यंत्रणा, यांपैकी काहीतरी अडलंय. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने किल्लीतली चिप ओळखलेली नाही. घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. तसं नसेल तर खिडक्या बंद करा, किल्ली 'ऑन'वर आणा आणि कान द्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो टाकीतला पेट्रोलपंप. गुणगुण नेहमी येत असेल आणि आज येत नसेल, तर फ्यूज, रिले किंवा पंपच गेला असेल. उलट पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा. बॉनेट उघडून गळती नाही ना हे आधी पाहा. गळती नसेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालं असणार. जुन्या फियाटमध्ये आपण अ‍ॅक्सिलरेटर पंप करायचो, ती सवय इंजेक्शनच्या गाडीत उपयोगाची नाही. इथे अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. बहुतेक गाड्या अशा वेळी पेट्रोल तोडतात आणि नुसती हवा घेतात. मात्र सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्या. डिझेल गाडीला प्लगची ठिणगी लागत नाही, पण थंडीत तो वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत धीर धरावा लागतो.

आणि उंदीर! पावसाळ्यात ते बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात. काल ठणठणीत असलेली गाडी आज सुरू होत नसेल, तर टॉर्च घेऊन एकदा वायरींवर नजर फिरवाच.

बॅटरीबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसे तिथे जातात. आमच्या ओळखीच्या एका बाईंना एका गॅरेजने वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या बसवून दिल्या. गाडी रोज निघे तोवर ठीक, दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरे. शेवटी एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने त्यांना विचारलं, 'डिकी लावल्यावर आतला दिवा विझतो का?' मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवला, डिकी लावली. दिवा जळतच होता. पाच वॉटचा दिवा दिवसाला दहा अँपियर-तास खातो, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते पस्तीसच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उतरणारच. बिघाड होता डिकीच्या साध्या स्विचचा. सगळं नीट असलं तरी घड्याळ, अलार्म वगैरे मिळून दिवसाला एखादा अँपियर-तास जातोच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कित्येक गाड्या नुसत्या उभ्या राहून बंद पडल्या, त्या यामुळेच. इलेक्ट्रिक गाडीचीही यातून सुटका नाही. तिच्यातही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या हव्यात. लाल केबल आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चालू गाडीच्या धन टोकाला. काळी केबल चालू गाडीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. धक्का मारून सुरू करणं मात्र साध्या गिअरच्या गाडीपुरतंच, तेही सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर. बॅटरी अगदीच मेली असेल तर त्याचाही उपयोग नाही. पेट्रोलपंपाला वीज लागतेच.

हे सगळं कोरड्या गाडीबद्दल झालं. गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर ती सुरू करण्याचा प्रयत्नच करायचा नाही. पिस्टन हवेला दाबून दहाव्या हिश्श्याएवढी करतो, पण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी गेलं आणि तुम्ही सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद पडलेल्या गाड्यांतच अडकून दगावली. पाणी चढलं की विजेवरच्या काचा खाली होतील याची खात्री नसते, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. तेव्हा पाणी दाराशी लागत असेल, तर किल्लीशी झटत बसू नका. काच खाली होतेय तोवर खाली करा आणि उंच जागेकडे चला.

पार्किंगमध्ये बुडून निघालेल्या गाडीची किल्ली 'ऑन'लाही नेऊ नये. पेट्रोल-डिझेलच्या गाडीतल्या बॅटरीची ऋण तार काढून, गाडी उचलून गॅरेजमध्ये न्यावी. मेकॅनिक प्लग काढून इंजिन हाताने फिरवतो, पाणी बाहेर काढतो. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर तेही बदलतो. बुडालेली इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावू नये आणि तिला स्वतः हातही घालू नये, कंपनीच्या माणसालाच बोलवावं. पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि ते पावसाळ्याआधी तपासून घ्यावं. पाणी ओसरल्यावर गाडी धुण्याआधी, चिखलाची रेघ कुठवर आलीय याचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला ते लागतात.