कैरीच्या फोडी, बिनशंखाची गोगलगाय आणि ‘बॉडी सेफ’

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी विनंती आहे; ती अर्थातच पाळतो. तांबी मानवली नाही म्हणून घरात निरोध वापरला जातो. बाळ अजून अंगावर पितं, त्यामुळे कोरडेपणा आहे आणि आग होते. डॉक्टरीणबाईंनी ‘एखादं जेल वापरा’ एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मेडिकलमध्ये विचारायची सोय नाही, कारण काउंटरवरचा मुलगा गल्लीतलाच. फोनवर शोधलं तर ‘बॉडी सेफ’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेल्या ट्यूबांची रांगच्या रांग समोर आली. ताई विचारतात, यातलं घ्यायचं कोणतं? आणि घरात खोबरेल तेल असताना हे घ्यायचंच कशाला?

खोबरेलापासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तर सरळ आहे. निरोध वापरत असाल तर तेल नको. खोबरेल नको, शेंगदाण्याचं नको, पेट्रोलियम जेली नको, बाळाच्या मालिशीचं तेलही नको. निरोध बनतो रबराच्या चिकापासून. रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्या बंधांमुळेच तो ताणला तरी तुटत नाही. तेलाचे रेणू या साखळ्यांमध्ये घुसतात, रबर फुगतं आणि त्याची ताकद जाते. ब्रूस व्होलर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1989 साली हे मोजून दाखवलं. बाजारात मिळणारे निरोध खनिज तेलात फक्त 60 सेकंद ठेवले आणि मग हवा भरून फोडून पाहिले, तर ताकद जवळजवळ 90 टक्क्यांनी घटलेली. एका मिनिटात! हे व्होलर समलिंगी हक्कांच्या चळवळीतले अमेरिकेतले आघाडीचे कार्यकर्ते. एड्सच्या पहिल्या लाटेत माणसं पटापट मरत असताना त्यांनी प्रयोगशाळेत निरोध फुगवून फोडण्याचं हे बिनझगमगाटाचं काम केलं आणि 1994 साली स्वतः त्याच आजाराने गेले. आज पाकिटावर तेल वापरू नका असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यामागच्या माणसाचं नाव मात्र कुठे छापलेलं नसतं.

निरोधाची परीक्षा किती कडक असते, याची आपल्याला कल्पना नसते. मधल्या मापाच्या निरोधात किमान 18 लिटर हवा मावली पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं; त्याआधी फुटला तर तो नमुना नापास. शिवाय नमुने 70 अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवून पुन्हा तपासतात. म्हणजे वर्ध्याच्या मे महिन्यातली एखादी दुपार बंद पाकिटाला फारशी जड जात नाही. जड जातं ते पाकीट महिनोन्‌महिने गाडीच्या डिक्कीत किंवा पँटच्या मागच्या खिशात राहणं. तिथे उष्णता आणि घासणं दोन्ही आलं. घरात कपाटात, सावलीत ठेवा आणि मुदतीची तारीख बघा.

आता जेल. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण गंमत इथेच आहे.

लोणचं घालताना कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून आपण पातेलं झाकून ठेवतो. सकाळी झाकण काढलं की फोडी आकसलेल्या आणि तळाशी चांगलं वाटीभर पाणी. हे पाणी कुणी ओतलं नाही, ते कैरीच्या पेशींतूनच आलं. बाहेर मिठाचं द्रावण दाट, आत पातळ. पाणी पातळाकडून दाटाकडे धावतं. शाळेत याला परासरण म्हणून आपण आकृती काढली होती आणि दोन गुण मिळवले होते. तीच गोष्ट योनिमार्गाच्या नाजूक अस्तरावर घडू शकते. बाजारातल्या बऱ्याच जेलमध्ये ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असतं, कारण त्यांनी बुळबुळीतपणा येतो आणि ट्यूब लवकर सुकत नाही. हे लहान रेणू मिठाचंच काम करतात. अस्तरातल्या पेशींचं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आकसतात, वरचा थर सुटून निघतो. लावल्या लावल्या ओलावा वाटतो, कारण पाणी खरोखरच बाहेर आलेलं असतं. ते तुमचंच असतं एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा कोरडं, आणि वर आग.

हे शोधून काढण्यात एका अनपेक्षित प्राण्याचा हात आहे. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात एल्स आड्रियान्स आणि त्यांचे सहकारी बिनशंखाच्या गोगलगाईंवर काम करत होते. पावसाळ्यात मोरीत येते तशीच म्हणा. तिच्यावर मीठ टाकलं तर ती काय करते हे कुठल्याही खोडकर पोराला ठाऊक आहे. तिचं सगळं अंग म्हणजे उघडी श्लेष्मल त्वचाच. तिला जेलवर ठेवायचं आणि ती किती चिकट स्राव सोडते ते मोजायचं. जितका स्राव जास्त, तितकी जळजळ जास्त. 2008 साली त्यांनी दाखवलं की जेल जितकं दाट द्रावणाचं, तितकी गोगलगाय जास्त त्रासते. सशाच्या डोळ्यात औषध घालून पाहण्यापेक्षा हे मला कितीतरी सभ्य वाटतं. अर्थात गोगलगाईचं मत कुणी विचारलेलं नाही.

हा दाटपणा मोजायचं एकक आहे मिलिऑस्मोल. आपल्या रक्ताचा आकडा साधारण 290. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली सल्ला दिला की अशा जेलचा आकडा 380 च्या आत असावा. पण बाजारातलं फारच थोडं या चाळणीतून पार पडेल, म्हणून तूर्तास 1200 पर्यंत चालवून घ्या, असंही तिनेच म्हटलं. सोबत आम्लतेचा पीएच साडेचारच्या आसपास असावा. प्रत्यक्षात कित्येक लोकप्रिय जेलचा आकडा 2000 च्या वर निघाला, आणि ‘गरम वाटणारं’ म्हणून विकलं जाणारं प्रकरण तर कित्येक हजारांच्या घरात. ती गरमी प्रेमाची नव्हे, परासरणाची.

तेव्हा ताई, ट्यूब उलटी करून घटकांची यादी वाचा. पाण्यावर आधारलेलं असावं. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्याच्या लगेच पुढे दुसऱ्या-तिसऱ्या जागी असेल तर ठेवून द्या. पीएच आणि ऑस्मोलॅलिटी (म्हणजे वर सांगितलेला दाटपणा) यांचे आकडे देणारी कंपनी असेल तर तिला पसंती द्या. सिलिकॉनवर आधारलेलं जेलही निरोधाबरोबर चालतं. त्यात पाणीच नसल्याने हा लोणच्याचा प्रश्न तिथे येत नाही. आणि आग थांबत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, या वेळी प्रश्न कागदावर लिहून. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं म्हणून कोरडेपणा येतो. तो आजार नाही आणि त्यात तुमचा दोषही नाही.

‘इंटिमेट वॉश’बद्दल माझं मत विचारलंत तर एका वाक्यात सांगतो: आतल्या भागाला त्याची गरज नाही. तिथे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, लॅक्टिक आम्ल तयार करून पीएच 4 च्या आसपास ठेवतात आणि बाकीच्यांना पाय रोवू देत नाहीत. जर्मन डॉक्टर अल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 मध्येच त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. हे रखवालदार धुऊन काढायचे आणि वर त्यासाठी पैसे मोजायचे, हे काही मला पटत नाही.

जंतू मारतो म्हणजे संरक्षण करतो, ही समजूत किती महागात पडते याचा धडा नॉनऑक्सिनॉल-9 या रसायनाने दिला. ते शुक्रजंतू मारतं. परीक्षानळीत एचआयव्हीही मारतं. म्हणून त्याचं जेल एड्सपासून वाचवील, अशी मोठी आशा होती. आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर चाचणी झाली आणि निकाल 2000 साली डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत आला, तो उलटा. ते जेल वापरणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची लागण जास्त. कारण हे रसायन साबणाच्या कुळातलं, आणि ज्या गुणाने ते विषाणूचं आवरण फोडतं त्याच गुणाने अस्तरही फोडतं. जंतूला दार उघडं मिळालं. पाकिटावर हे नाव दिसलं तर ते पाकीट घेऊ नका.

पिपरी मेघेच्या वाचकांना या विषयाचा एक जुना धागा जवळच सापडेल. वर्ध्याच्या मगनवाडीत डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला आल्या होत्या. संततिनियमनाची अमेरिकेतली ही सर्वात गाजलेली पुरस्कर्ती. गांधीजी तेव्हा मगनवाडीतच राहत. सेवाग्राम अजून शेगावच होतं. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी या चर्चेचा वृत्तान्त पुढच्या महिन्यात ‘हरिजन’ साप्ताहिकात दिला. गांधीजी संयमावर ठाम राहिले, साधनांना नकार. फक्त ‘सुरक्षित दिवसां’ची, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता कमी असलेल्या दिवसांपुरता संबंध ठेवण्याची पद्धत त्यांना त्यातल्या त्यात कमी खटकली. ही पद्धत ज्या संशोधनावर उभी होती ते जपानच्या क्यूसाकू ओगिनो यांचं, जेमतेम दशकभर जुनं. खुद्द ओगिनोंना गर्भ टाळण्यासाठी तिचा भरवसा वाटत नव्हता. आणि प्रमेहाच्या जंतूला तर सुरक्षित दिवस कळतच नाहीत.

ही भेट जगभरच्या पुस्तकांत आहे. पण याच प्रश्नावर मराठीत चौदा वर्षं काम करत असलेला माणूस त्या चित्रात कुठेच नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तेच हे वर्ष. या कामापायी नोकरी गेली. 1927 च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. सँगरबाई प्रामुख्याने मुलांच्या संख्येबद्दल बोलत होत्या. कर्व्यांनी संततिनियमनाइतकाच गुप्तरोगांचा प्रश्नही लावून धरला आणि त्यांपासून बचाव कसा करायचा यावर वेगळं पुस्तक लिहिलं. पेनिसिलीन अजून हातात नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गर्भ टाळणं आणि रोग टाळणं हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे त्या गणितज्ञाला नीट कळलं होतं.

आणि त्यांच्यावर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला तो कशासाठी? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली म्हणून. बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. तुमच्या पत्राला मी हे उत्तर रविवारच्या पुरवणीत बिनदिक्कत छापतो आहे, ते त्या दंडाच्या जोरावर. आपल्या विज्ञान-इतिहासात कर्व्यांना ‘समाजसुधारक’ म्हणून एका ओळीत उरकतात. मला ते आपल्याकडचे पहिल्या फळीतले विज्ञानलेखक वाटतात.

एक विषय आजही चोरवाटेनेच येतो, तो म्हणजे व्हायब्रेटरसारखी साधनं. आपल्याकडे ती ‘मसाजर’ म्हणून विकली जातात. सीमाशुल्क खात्याने अशी खेप अश्लील ठरवून अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये खात्याचं म्हणणं फेटाळलं. वस्तू मसाजर आहे, बाकी सगळं आयुक्तांच्या कल्पनेतलं, असा त्या निकालाचा सूर. निकाल चांगला, पण वस्तू कागदावर पाठीच्या मालिशीची राहिली की आतल्या अस्तराला ती मानवेल का, हे विचारायला कुणी बांधील राहत नाही. मऊ पीव्हीसीत थॅलेट नावाची मऊपणा आणणारी रसायनं असतात आणि ती हळूहळू बाहेर झिरपतात. मुलांच्या खेळण्यांतल्या थॅलेटवर युरोपने 2005 मध्येच कायमचे निर्बंध घातले. मोठ्यांच्या या वस्तूंसाठी आंतरराष्ट्रीय मानक यायला 2021 उजाडलं. त्याचा क्रमांक आयएसओ 3533. घ्यायचंच तर शुद्ध सिलिकॉन, स्टील किंवा बोरोसिलिकेट काच. उघडल्यावर प्लॅस्टिकचा उग्र वास आला तर परत करा. आणि एकाची वस्तू दुसऱ्याला द्यायची असेल तर वर नवा निरोध हवाच.

आता पुन्हा जंतुसंसर्गाकडे वळू. वर्ध्यातच वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बऱ्याच जणींचा आजार म्हणजे जंतुसंसर्गच. आणि संततिनियमनासाठी देशात आजही सगळ्यात जास्त चालतं ते स्त्रीचं ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हे प्रमाण सुमारे 38 टक्के होतं, निरोधाचं साडेनऊ, पुरुष नसबंदीचं 0.3. ऑपरेशन झालं की निरोध सुटतो, आणि गर्भनलिका बांधल्याने जंतू थांबत नाहीत.

म्हणून शेवटी कामाचं. आशाताईंकडे तीन निरोधांचं पाकीट एक रुपयात मिळतं. पांढरं किंवा हिरवट जाणं, खाज, फोड, लघवीला जळजळ यातलं काही असेल तर सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा. तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. एकटीने जाऊ नका, यजमानांनाही न्या, कारण एकाचेच उपचार झाले तर दुसऱ्याकडून तोच जंतू परत येतो. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.