सातमाळ्याच्या दोन अंगांना

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर गोदाकाठचा मुलूख अहमदनगरच्या आणि गिरणाकाठचा खानदेशाच्या कलेक्टराच्या अंमलाखाली गेला. पुढे १८६९ साली नगरकडून नाशिक, निफाड, सिन्नर, येवले आदी तालुके व खानदेशाकडून मालेगाव, नांदगाव, बागलाण असे तोडून घेऊन नाशिक जिल्हा बांधण्यात आला. त्यात १८७८ साली खालसा झालेले पेठ आणि स्वातंत्र्यानंतर विलीन झालेले सुरगाणा ही संस्थाने मिळाली.

जमाबंदीच्या सोयीसाठी आखलेल्या या सरहद्दीच्या आत, सह्याद्रीपासून फुटून सप्तशृंगी, धोडप, चांदवड अशी शिखरे मिरवीत पूर्वेकडे गेलेली सातमाळ्याची रांग आडवी पडली आहे. तिच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जाते, उत्तरेचे गिरणेतून तापीस आणि तापीतून पश्चिमसमुद्रास. पेठ-सुरगाण्याचे पाणी तर दमणगंगा व पार या नद्यांवाटे थेट गुजरातच्या किनाऱ्यास उतरते. इगतपुरीस जेथे तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, तेथे त्याच जिल्ह्यातील येवले पाचशेच्या आसपास मिळाला तरी समाधान मानते.

गोदाकाठचे माहात्म्य पुष्कळांनी गायिले आहे. माझे मन मात्र बागलाणात अधिक रमते. मुल्हेरच्या गडावरून राज्य करणाऱ्या बागुल राजांचा हा प्रांत १६३८ साली औरंगजेबाने मोगलाईस जोडला आणि १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी शिवछत्रपतींच्या सैन्याने मोगलांचा खुल्या मैदानात पराभव केला. परंतु राजवटी बदलत असताही मोसम नदीच्या काठी जी फडपद्धती चालत राहिली, ती मला या लढायांइतकीच थोर वाटते. नदीवर बंधारा घालावा, पाटाने पाणी शिवारात आणावे, शिवाराचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि पाळीपाळीने पाटकऱ्याने ते पाणी द्यावे, अशी ही व्यवस्था. पाणी थोडे असले की फडांची संख्या कमी करावयाची, म्हणजे तुटीचा भार एकट्यावर पडत नाही. पंच, पाटकरी, जागल्या हे सारे गावचेच. वरून हुकूम देणारा कोणी नसतानाही पाण्याचा न्याय होत आला, ही राज्यकारभाराची फार मोठी शिकवण आहे.

कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या कसमादे पट्ट्यात आजही अहिराणी कानी पडते आणि मालेगावचा स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही मागणी अनेक वर्षे चालू आहे. १९९९ साली देवळा व त्र्यंबकेश्वर हे तालुके नवे झाले, तालुक्यांची संख्या पंधरा झाली. जिल्ह्याची शीव मात्र हलली नाही. ती हलवावयाची झाल्यास दप्तरातील आकड्यांआधी पाणलोटाचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.