कागदावर नसलेली गलबते

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पहाटे नौकांची मोठी दाटी असते. जवळ जाऊन पाहिले, म्हणजे त्यांतील पुष्कळ नौका फायबरच्या आहेत हे ध्यानात येते. फायबरची नौका हलकी असते, तिला कुजण्याचे भय नाही आणि दरसालच्या डागडुजीचा खर्चही कमी. नौकामालकाने ती पसंत करावी यात नवल नाही. तथापि लाकडी नौकेबरोबर एक विद्याही किनाऱ्यावरून निघून चालली आहे. ती कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही, हा खरा चिंतेचा विषय आहे.

घरातील एका टेबलावर लाकडी जहाजांच्या लहान प्रतिकृती घडविण्याचा छंद जगभर रूढ आहे. आपल्याकडे तो फार थोडे लोक जोपासतात. निवृत्तीनंतर हाती वेळ असलेल्या आणि हाताने काही घडविण्याची हौस असलेल्या कोकणवासीयांसाठी मात्र हा छंद केवळ विरंगुळा नाही. वर उल्लेखिलेल्या विद्येची नोंद ठेवण्याचा तो एक सोपा मार्ग आहे.

शत्रूने लिहून ठेवलेले वर्णन

रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी कोकणचा सारा व्यवहार शिडांवर चालत असे. कौले, मीठ, तांदूळ, नारळ, इमारती लाकूड हे सर्व पडाव, मचवे आणि फत्तेमारी यांतून बंदरोबंदरी जाई. मराठ्यांच्या आरमारात गुरब, गलबत, शिबाड, पाल अशा नौका होत्या. प्रत्येक नावामागे वेगळी बांधणी आणि वेगळा उपयोग होता.

आज यांपैकी एकही आरमारी नौका शिल्लक नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून खाक झाले. जहाजे गेली आणि ती बांधणाऱ्यांचे कसबही हळूहळू विस्मृतीत गेले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आरमाराची गोदी मात्र अद्याप पाहावयास मिळते.

गुरब दिसत तरी कशी होती? याचे उपयुक्त वर्णन ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मिळते. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि पुढे चोचीसारखी लांब नाळ असलेली, असे तिचे रूप तो सांगतो. तीन डोलकाठ्यांची गुरब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची असे. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफांचाही तो उल्लेख करतो. आज कोणी गुरबेची प्रतिकृती करू म्हटले, तर त्याला आपल्या पूर्वजांच्या जहाजाची माहिती अशी प्रतिपक्षाच्या लेखणीतून घ्यावी लागते.

नकाशा हरवला तरी

मुंबईच्या गोदीचा अनुभव याहून निराळा आहे. तेथे जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज मलबारी सागवानात बांधले आणि १८१७ साली ते पाण्यात उतरले. या जहाजाचे नकाशे प्रथम ‘जावा’ नावाच्या जहाजातून हिंदुस्थानात पाठविण्यात आले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाशी झालेल्या लढाईत ‘जावा’ नष्ट झाले आणि नकाशेही गेले. मग इंग्लंडहून दुसरी प्रत पाठविण्यात आली आणि काम सुरू झाले. ते ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे.

कागद हरवला, तर दुसरी प्रत काढता येते. कोकणच्या खाड्यांवर नौका बांधणारा सुतार मात्र कागद वापरत नसे. नजर, दोरी आणि वडिलांकडून आलेला अंदाज एवढ्यावर तो तळाचा कणा बसवी, त्यावर बरगड्या उभ्या करी आणि फळ्यांना बाक देई. असा एक सुतार निवर्तला, की त्याच्या हातातील नकाशाची दुसरी प्रत कोठूनही मागविता येत नाही.

ही गोष्ट एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने फार पूर्वी ओळखली होती. एदमों पारी हे त्यांचे नाव. जगप्रवासात त्यांनी ठिकठिकाणच्या देशी नौकांची मापे घेतली आणि १८४० च्या दशकात त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील नौकाही त्यात आहेत. याच प्रवासात हिंदुस्थानातील एका कारखान्यात यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला, तरी काम थांबले नाही. पुढे पॅरिसच्या लूव्र येथील नौदल संग्रहालयाचे प्रमुख असताना त्यांनी अशा नौकांच्या प्रतिकृती करवून घेतल्या.

फत्तेमारीचे गणित

मोठ्या युद्धनौकांचे तयार संच परदेशी कंपन्या विकतात. नवशिक्याने त्यांच्या मोहात पडू नये. आपल्या किनाऱ्याची फत्तेमारी हा अधिक योग्य विषय होय. सिलोनमधील ट्रिंकोमाली येथे जहाजबांधणीचे काम पाहिलेले जॉन एडी यांनी १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मोठ्या फत्तेमारीची मापे दिली आहेत. लांबी सुमारे ७६ फूट, रुंदी सुमारे २१ फूट आणि भार सुमारे २०० टन. तिचा तळाचा कणा मधोमध किंचित वर उचललेला असे, हे तिचे वैशिष्ट्य.

प्रतिकृतीसाठी १:४८ हे प्रमाण सोयीचे आहे. प्रत्यक्षातील एक फूट म्हणजे प्रतिकृतीत पाव इंच. या हिशेबाने ७६ फुटांची फत्तेमारी १९ इंचांची होते आणि २१ फुटांची रुंदी सव्वापाच इंचांची. दोन इंच जाडीची फळी जेमतेम एक मिलिमीटरची उरते. वजनाचा हिशेब अधिक मौजेचा आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ४८ पटींनी घटल्यामुळे २०० टनांचा भार सुमारे एक लाख दहा हजार पटींनी कमी होऊन पावणेदोन किलोंच्या थोडा वर येतो. मे महिन्याच्या सुटीत आलेल्या नातवंडांना घनाचे गणित शिकविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

साहित्य आणि काम

जुन्या घरांच्या दाराखिडक्यांचे सागवान मुरलेले असते, म्हणून कण्याला ते उत्तम. मात्र सागाच्या रेघा ठसठशीत असल्याने बारीक भागांसाठी शिवणीसारखे हलके लाकूड बरे. फळ्यांसाठी सागवानी व्हिनिअरच्या पट्ट्या चालतात. लहान करवत, कानस, हातड्रिल, चिमटे, पॉलिश पेपर आणि चांगला प्रकाश एवढी सामग्री आरंभाला पुरते.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात एक बाब लक्षात ठेवावी. सुतारकामातील जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो, तर फ्रेंच पॉलिशमधील चपडी लाखेच्या किड्यांपासून मिळते. त्यांऐवजी बाजारातील कृत्रिम पांढरा गोंद आणि जवसाचे तेल वापरल्यास कामात काही उणे राहत नाही.

कामाचा क्रम खऱ्या नौकेसारखाच असतो. आधी कणा, मग बरगड्या, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक फळी. सगळ्या फळ्या एकाच बाजूने लावल्या, तर सांगाडा पिळवटतो. बाक देण्यासाठी पट्टी गरम पाण्यात भिजवावी आणि वाकवून, पूर्ण वाळल्यावरच चिकटवावी. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून फळ्यांचे काम हिवाळ्यात उरकावे. पूर्ण झालेली नौका काचेच्या पेटीत ठेवावी. एवढी चिकाटी प्रारंभी जमत नसेल, तर नौकेची उभी अर्धी बाजू कोरून फळीवर बसवावी. अशा अर्ध्या प्रतिकृतीला डोलकाठी किंवा दोर लागत नाहीत आणि नौकेचा आकार मात्र हाताला नेमका कळतो.

अजून वेळ आहे

प्रतिकृतीचे महत्त्व खेळण्यापुरते नाही, याचा प्रत्यय अलीकडेच आला. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ ही नौका गोव्यात बांधण्यात आली. तिच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. मूळ नकाशा उपलब्ध नसल्याने तिच्या आकाराची चाचणी आधी मद्रासच्या आयआयटीत लहान प्रतिकृतीवर घ्यावी लागली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. एका चित्रावरून जहाज उभे करण्यास किती सायास पडतात, हे त्यातून दिसले.

रत्नागिरीच्या आसपास भाट्ये, काळबादेवी, जयगड अशा खाड्यांच्या काठी जुनी लाकडी होडी अद्याप कोठे तरी पालथी पडलेली आढळेल. मालकाची परवानगी घेऊन तिच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणावी. दर दोन फुटांवर ओळंबा सोडून रुंदी आणि खोली मोजावी आणि वहीत उतरवावी. एका माणसाचे हे एका दिवसाचे काम आहे. शेजारी एखादे वृद्ध तांडेल किंवा सुतार भेटले, तर प्रत्येक भागाचे त्यांच्या तोंडचे नाव त्याच वहीत लिहून घ्यावे, कारण ती नावे पुढच्या पिढीला सांगणारे आता मोजकेच उरले आहेत. प्रतिकृती पुढे सवडीने, वर्षभरात केव्हाही करता येईल. मापे आणि नावे मात्र या वर्षीच घेतलेली बरी.