शाळेचे सत्रवृत्त आणि गावाचा वाटा

सत्र संपत आले की माध्यमिक शाळेच्या कचेरीत एक ठरलेली धावपळ सुरू होते. मुख्याध्यापक टाचणे मागवितात, क्रीडाशिक्षक ढालींची यादी देतात, आणि कोणी तरी सुवाच्य अक्षराचे शिक्षक सत्रवृत्त लिहावयास बसतात. इतके विद्यार्थी पटावर, परीक्षेचा निकाल शेकडा इतका, स्नेहसंमेलनास पाहुणे अमुक, प्रयोगशाळेस तमुक यांची देणगी. वृत्त छापले जाते, वाटले जाते, आणि पुढच्या सत्रापर्यंत कपाटात पडते. हा कागद खरोखर कोणासाठी असतो आणि शाळा व समाज यांच्या भागीदारीत त्याचे काय काम आहे, हे आज पाहावयाचे आहे.

वृत्त लिहिले जाते ते बहुधा संस्थाचालकांसाठी आणि शिक्षणखात्यासाठी. पण खात्याला लागणारे आकडे शाळा दर वर्षी यूडायस नावाच्या राष्ट्रीय नोंदणीत वेगळे भरीतच असते. मग वृत्तात उरावयास हवे ते पालकांना कळावयाचे. किती मुले शाळेत आली हे सर्वच वृत्तांत असते. किती मुले मध्येच गेली आणि का गेली, हे मात्र क्वचितच सापडते. वस्तुतः गावाने मदतीचा हात द्यावा असे वाटत असेल, तर हीच ओळ आधी लिहावयास हवी. आठवीतील चार मुली घर दूर पडते म्हणून शाळा सोडून गेल्या, असे कळले तर एखादा गाडीवाला, एखादे महिला मंडळ पुढे येईल. निकाल शेकडा नव्वद लागला, एवढेच कळले तर लोक आनंद मानतील आणि घरी जातील.

भाषेचाही प्रश्न आहेच. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून निघालेले मूल पाचवीत येते, तेव्हा त्याच्या अभ्यासाचे माध्यम बहुधा इंग्रजी होते. ज्या घराशी शाळा चार वर्षे घरच्या परिचयाच्या भाषेत बोलत होती, त्या घराला आता अपरिचित भाषेत छापलेला कागद मिळतो. आईला तो वाचता येत नाही, आजीला तर नाहीच. अशा शाळेने आपले वृत्त मराठीत किंवा कोकणीत काढले, तर माध्यम बदलले तरी घराशी असलेले नाते तुटणार नाही. मुलाची गळती याच वळणावर होण्याचा धोका असतो, म्हणून ही गोष्ट लहान समजू नये.

समाजाचा शाळेशी संबंध आपल्याकडे नवा नाही. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचा उगम १९०८ सालचा. घरोघरच्या मूठभर धान्याची आठवण तिच्या नावातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहापायी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. १९४० साली साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या हायस्कुलास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव दिले गेले. ज्या संस्थानात १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, त्या संस्थानाच्या राजाचे नाव गरिबांच्या शाळेस शोभलेही. भाऊरावांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी गावाकडून घेतले आणि विद्यार्थ्यांकडूनही घेतले : गावाने धान्य दिले, मुलांनी अंगमेहनत केली. कमवा आणि शिका ही कल्पना त्यातूनच रुजली. भिक्षा आणि भागीदारी यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंनी काही तरी द्यावे लागते, तेव्हाच भागीदारी म्हणता येते.

आज कायद्यानेही समाजास शाळेत जागा दिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने खासगी अनुदानित शाळांतील समितीचे काम केवळ सल्ल्याचे राहिले. आणि हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने वेगळ्या समित्यांची योजना केली होती. ते अभियान २०१८ साली समग्र शिक्षेत विलीन झाले. बेळगावकडील श्रोत्यांना कर्नाटकाची शाळा विकास व देखरेख समिती परिचयाची असेल. ती २००१ पासूनची. या समित्यांचे दुर्दैव असे की, पुष्कळ ठिकाणी त्या सहीपुरत्या उरतात. कारण साधे आहे : हाती माहिती नसलेला पालक सभेत काय बोलणार? सभेच्या आधी वृत्त आणि जमाखर्च घरी पोहोचला, तर मजुरी बुडवून आलेली आईसुद्धा एक नेमका प्रश्न विचारील.

पैशाखेरीज समाज काय देऊ शकतो, याची काही चांगली उदाहरणे आहेत. गुजरातेत तिथिभोजनाची प्रथा आहे. घरातील वाढदिवस, पुण्यतिथी किंवा लग्न यांच्या निमित्ताने कुटुंब शाळेतील मुलांना जेवण देते. पुढे केंद्राच्या मध्यान्हभोजन योजनेने, जिचे नाव २०२१ पासून पीएम पोषण असे आहे, तिचा स्वीकार केला. वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांना ही रीत परकी वाटावयाचे कारण नाही. गोव्यात शाळांतील मध्यान्हाहार महिलांचे स्वयंसाहाय्य गट शिजवून देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ काम शिकावे, असे सुचविले आहे. या दहा दिवसांत कुंभाराचे अंगण हाच वर्ग होतो. पण कुंभाराची रोजची कमाई त्या दिवसांत बुडत असेल, तर तिची भरपाई कोणी करावयाची, हे शाळेने आधी ठरवावे. नाही तर ज्ञानाच्या नावाने गरिबाकडून फुकट काम घेतल्यासारखे होईल.

देणगी घेतानाही थोडी सावधगिरी असावी. कंपन्यांनी नफ्याचा काही भाग समाजकार्यास द्यावा, असा नियम २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, आणि त्यातून शाळांना संगणक मिळतात. संगणक आला, पण वीज कायमची नाही आणि शिकविणारा नाही, अशी स्थिती झाली तर यंत्रावर केवळ देणगीदाराच्या नावाची पाटी तेवढी चकाकत राहते. त्याऐवजी निवृत्त लेखापालाने आठवड्यातून दोन तास हिशेबाचा वर्ग घेतला, तर त्याची किंमत अधिक. २०२१ च्या विद्यांजली योजनेत सरकारी आणि अनुदानित शाळांना अशी सेवा वा वस्तू देण्याची सोय केली आहे. माजी विद्यार्थ्यांनी ती पाहावी.

आणि शाळेनेही काही परत करावे. बेळगाव असो, इंदूर असो वा हैदराबाद, जुन्या मराठी शाळांकडे बहुधा एक बरे ग्रंथालय आणि एक मोठी खोली असते. सायंकाळी सहानंतर दोन तास ती उघडी ठेवली, वृत्तपत्रे मांडली, आणि आठवीच्या मुलांनी वृद्धांना वाचून दाखविण्याची पाळी लावून घेतली, तर पुढच्या वृत्तात निकालाच्या आकड्याखाली आणखी एक आकडा लिहिता येईल : सायंकाळी दार उघडल्यावर किती माणसे आत आली.