आई दुसऱ्या घरी गेली, तर लेकरांच्या पैशाचे काय?

नेर तालुक्यातल्या वस्त्यांमधून एक प्रश्न आमच्याकडे नेहमी दबक्या आवाजात येतो. नवरा वारलेली तरुण भगिनी, पदरात दोन लेकरे. भला माणूस भेटतो, पण सरकारी पैसा बंद पडेल या धाकाने विवाहाची नोंद होत नाही. दोघे तसेच एका घरात राहू लागतात.

आमचे म्हणणे असे की, पुनर्विवाहाने आईचा पैसा थांबतो. लेकरांचा सगळाच थांबतो, हा गैरसमज आहे.

संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १५०० रुपये निराधार विधवेचे आहेत. पुनर्विवाह झाला की ते थांबतात. तहसील कचेरीत आपणहून कळवावे. बालसंगोपन योजनेचे २२५० रुपये मुलाच्या नावाने मिळतात. मंजुरी बालकल्याण समितीची असते, म्हणून घरची परिस्थिती बदलली तर समितीपुढे खरे तेच सांगावे.

खरा घोळ आहे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचा. नवरा सूतगिरणीत वा कारखान्यात होता आणि त्याचा फंड कापला जात होता, तर १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू होते. तीत विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के रक्कम प्रत्येक मुलाला, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. आईने पुनर्विवाह केला की तिची पेन्शन बंद होते, पण मुलांची ७५ टक्के होते. नियमात तिला ‘अनाथ पेन्शन’ म्हणतात. आई जिवंत असता हा शब्द आम्हाला खटकतो, पण कागदावर तोच आहे.

हिशेब करून पाहा. आईला २००० आणि दोन मुलांना पाचपाचशे, म्हणजे ३०००. पुनर्विवाहानंतर मुलांना दीड-दीड हजार, म्हणजे तेही ३०००! मूल एकच असेल तर मात्र २५०० चे १५०० होतात. हा बदल करून घ्यायला फंडाच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

मग लपवून काय साधले? लग्न करूनही दरवर्षी ‘पुनर्विवाह केला नाही’ असे लिहून द्यायचे, म्हणजे खोटी सही. नोंदच काय, लग्नही न करता राहणाऱ्या बाईला मारहाणीपासून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा संरक्षण देतो, पण त्या माणसामागे विधवा म्हणून वारसाहक्क तिला मिळत नाही.

आणखी एक. नव्या वडिलांच्या मायेपोटी शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव बदलायची घाई करू नये. पेन्शनला आणि बापाच्या शेताच्या वारस फेरफाराला तेच नाव लागते. आई दुसऱ्या घरी नांदते, म्हणून लेकरांचा त्या शेतातला हिस्सा जात नाही.