उमेदवाराचा वाली कोण?
विगन येथील फुटबॉल अकादमी आणि महामारीचे वर्ष

फुटबॉलच्या खेळावर कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आम्ही बोलणार आहोत ते खेळाविषयी नव्हे, उमेदवारीविषयी. उमेदवारास शिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि धंदा बुडू लागला म्हणजे त्याचे काय व्हावयाचे, हा प्रश्न जितका कारखान्याचा तितकाच मैदानाचाही आहे. 2020 साली कोरोनाची साथ आली आणि इंग्लंडातील विगन या गावी तो प्रश्न उघड्यावर आला.

प्रथम अकादमी म्हणजे काय ते पाहू. तिकडचे व्यावसायिक क्लब आठ-नऊ वर्षांची मुले निवडतात आणि शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशी त्यांना शिकवितात. सोळाव्या वर्षी त्यांतील निवडक मुलांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते. मग खेळ, थोडे विद्यावेतन आणि जोडीला शिक्षण असा क्रम चालतो. अठराच्या सुमारास काहींना व्यावसायिक करार मिळतो, बहुतेकांना निरोप.

2012 साली या अकादम्यांच्या चार श्रेणी ठरल्या, आणि एका क्लबाने दुसऱ्याचा मुलगा नेल्यास किती भरपाई द्यावयाची याचे दरही ठरले. नऊ ते अकरा या वयोगटांसाठी वर्षास 3,000 पौंड. बारा ते सोळा या गटांसाठी, दुसऱ्या श्रेणीच्या अकादमीस, वर्षास 25,000 पौंड. म्हणजे नवव्या गटापासून चौदाव्या गटापर्यंत सहा वर्षे शिकविलेला मुलगा गेला, तर त्या दरांप्रमाणे हिशेब होतो 84,000 पौंड. पुढे तो मोठ्या संघातून खेळला तर आणखी काही रक्कम मिळते. पण ही भरपाई त्या एकाची. त्याच्याबरोबर शिकलेल्या आणि कोणीच न नेलेल्या मुलांचा खर्च शिकविणाऱ्याच्याच माथी राहतो.

आता विगनकडे वळू. मँचेस्टरजवळचे हे गाव एके काळी कोळशाच्या खाणींवर व कापडगिरण्यांवर जगले. तेथला विगन अॅथलेटिक हा क्लब 1932 साली स्थापन झाला. 2013 साली बलाढ्य मँचेस्टर सिटीला 1-0 असे हरवून त्याने एफए कप जिंकला, हे त्याचे सर्वांत मोठे वैभव.

13 मार्च 2020 रोजी महामारीमुळे इंग्लंडातील सामने थांबले. फाटकावरचे उत्पन्न बंद झाले, पगारपत्रक मात्र चालूच राहिले. सरकारने घरी बसविलेल्या कामगारांचा 80 टक्के पगार, महिन्यास 2,500 पौंडांच्या मर्यादेत, देण्याची योजना काढली. तिने अनेकांची चूल पेटती ठेवली, पण क्लबांचे मूळ दुखणे जुने होते. मिळकतीहून अधिक खर्च करावयाचा आणि तूट मालकाच्या खिशातून भरून काढावयाची, ही रीत. मालकाने खिसा आवळला की सारे कोसळते. विगनमध्ये तसेच घडले. जूनमध्ये क्लबाची मालकी बदलली, आणि 1 जुलैस क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. कर्जबाजारी कंपनीचा कारभार कायद्याने ज्यांच्या हाती जातो, ते हे प्रशासक. शिक्षा म्हणून संघाचे 12 गुण कापले गेले. 14 जुलैस संघाने हल सिटीला 8-0 असे धुऊन काढले, तरी हंगामाच्या शेवटी तो खालच्या विभागात गेला. क्लबातील 75 कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

येथे एक नियम समजून घ्यावयास हवा. इंग्लंडात क्लब बुडाला तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी प्रथम, आणि पुरती, फेडावी लागतात. नाहीतर क्लबाला लीगमध्ये जागा मिळत नाही. बाकीचे धनको मागून येतात आणि उरले तर घेतात. मग अकादमीतला बारा वर्षांचा मुलगा या रांगेत कोठे उभा राहतो? कोठेच नाही. त्याच्याशी वेतनाचा करार नसतो, म्हणून तो धनको नव्हे, आणि नोकर नव्हे म्हणून संघटनेचा सभासदही नव्हे. जवळच्याच बरी गावचा क्लब ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढला गेला, तेव्हा तेथील अकादमीची मुले रातोरात वाऱ्यावर पडली होती. विगनच्या आईबापांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र असणार.

प्रशासकांना रोकड हवी होती. विकण्याजोगे होते काय? सरावाचे एक मैदान होते. ते प्रेस्टनच्या क्लबास विकले. आणि होती अकादमीतली मुले. जो गेलहार्ट लीड्सकडे गेला, जेन्सन वेअर ब्रायटनकडे, आल्फी डिव्हाइन टॉटनहॅमकडे. हाच डिव्हाइन 10 जानेवारी 2021 रोजी, वयाच्या 16 वर्षे 163 दिवशी, टॉटनहॅमकडून खेळणारा व गोल करणारा सर्वांत लहान खेळाडू ठरला. गंमत पाहा, ज्या अकादमीची नोंद जमाखर्चात वर्षानुवर्षे केवळ खर्चाच्या बाजूस होती, तिनेच संकटात पैसा उभा करून दिला. तरीही आम्हांस हे सुखाचे वाटत नाही. घरात दाणा नाही म्हणून शेतकऱ्याने बियाणे विकावे, तसे ते होते.

पण सारे बियाणे विकले गेले नाही. 2020-21 च्या हंगामात विगनजवळ अनुभवी खेळाडू फारसे उरले नव्हते, तेव्हा अकादमीतून वर आलेली काइल जोसेफ, कॅलम लँग, थेलो आसगार्ड अशी मुले उभी राहिली. संघ विसावा आला आणि एका गुणाने बचावला. मार्च 2021 मध्ये नवे मालक आले, आणि पुढच्याच हंगामात संघाने तो विभाग जिंकला.

कोणी विचारील, मग मुळात अकादमी हवीच कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. लंडनच्या ब्रेंटफर्डने 2016 साली आपली अकादमी बंद केली. आपली चांगली मुले मोठे क्लब थोडक्या भरपाईत नेतात, ही त्यांची तक्रार खरी होती. मोठ्या क्लबांनी सोडलेले तरुण घेऊन त्यांनी दुय्यम संघ उभारला, आणि 2021 साली तो क्लब सर्वोच्च विभागात पोहोचला. पण ते तरुण लहानपणी कोणीतरी शिकविलेच होते ना! आयत्या बिळावर एखादा नागोबा बसू शकतो. सगळेच नागोबा झाले तर बीळ खणावयाचे कोणी? ब्रेंटफर्डनेही 2022 साली आपली अकादमी पुन्हा उघडली.

आम्हां कार्यकर्त्यांस ही गोष्ट परकी वाटत नाही. आपल्याकडच्या 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. मंदी आली की पहिली कात्री शिक्षणाच्या खर्चावर चालते, कारण तेथे ओरडणारे कोणी नसते, हे आम्ही कारखान्यांतून पाहिले आहे.

तेव्हा उपाय काय? आमच्या मते तीन. मुलांचे चालू वर्षाचे शिक्षण हे क्लबाचे पहिल्या प्रतीचे देणे मानावे. त्यासाठीची रक्कम मालकाच्या हाताबाहेर, वेगळी ठेवावी. आणि शिकविणाऱ्यास मिळणारी भरपाई केवळ गेलेल्या मुलाच्या नव्हे, मागे राहिलेल्यांच्याही खर्चास पुरेल अशी असावी. विगनमध्ये 2023 साली पगार पुन्हा थकले, आणि मग गावच्याच एका उद्योजकाने क्लब घेतला. म्हणजे केवळ चांगला मालक मिळण्यावर भिस्त ठेवून भागत नाही. ब्रिटनच्या संसदेने 2025 साली फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला आहे. तो क्लबांचे हिशेब तपासील. त्या हिशेबात संध्याकाळी दप्तर टाकून मैदानावर येणाऱ्या मुलाच्या नावाची एक ओळ असेल, तरच त्या तपासणीस अर्थ आहे, असे आम्हांस वाटते.