कोल्हापुरी चप्पल : कसब घरचे, शिस्त कंपनीची

कोल्हापूर म्हटले की करवीरनिवासिनी अंबाबाई, कुस्तीची तालीम, गूळ आणि चप्पल यांची नावे ओघानेच येतात. यांपैकी चपलेचे नाव सातासमुद्रापार गेले; परंतु ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव मात्र गावाची वेस क्वचितच ओलांडू शकले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे 'प्राडा' या प्रसिद्ध कंपनीने कोल्हापुरी घाटाची पादत्राणे सादर केली, तेव्हा त्यांत कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. देशभरातून आक्षेप घेतले गेल्यानंतर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा सामंजस्य करार झाला आणि दोन्ही राज्यांत सुमारे २,००० जोड तयार करून घेण्याची योजना जाहीर झाली.

अशा मागणीने या व्यवसायापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला आहे. घरोघर, प्रत्येकाच्या हाताच्या वळणाप्रमाणे होणारे काम एकसारखे, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या दर्जाने कसे पुरे करावयाचे?

व्यवसायाचे स्वरूप

कोल्हापुरी चपलेचे वैशिष्ट्य तिच्या कातड्यात आहे. चुन्याच्या निवळीत भिजवून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. कातड्याची पिशवी शिवून तीत हा अर्क भरावयाचा व ती टांगून ठेवावयाची, ही जुनी रीत. पुढे तळ, टाच, कान, पट्टा व अंगठा कापून ते चामड्याच्या वादीने शिवले जातात. अस्सल चपलेत खिळा नसतो. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे तिचे प्रकार प्रसिद्ध आहेत.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या कारागिरीस राजाश्रय लाभला. आजही कोल्हापूर शहरातील सुभाषनगर, जवाहरनगर या वस्त्यांत व आसपासच्या गावांत हे काम घरातच चालते. साधारणपणे कातडे बेतणे व तळ करणे हे पुरुषांचे, तर वेणी घालणे, पट्ट्यावरील नक्षी व शिवण हे स्त्रियांचे काम असते. मात्र हिशेब कुटुंबप्रमुखाच्या नावे होत असल्याने स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र गणना सहसा होत नाही. कातड्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची आणि माल त्यालाच द्यावयाचा, या रिवाजामुळे भाव ठरविणे कारागिराच्या हाती राहत नाही. पावसाळ्यात कातडे वाळत नाही, मागणीही मंदावते. त्यातच चामड्याच्या कामाकडे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तुच्छतेने पाहिले. शिकलेला मुलगा रापी-आरी हाती घेण्यास नाखूश असतो, याचे नवल वाटू नये.

मानांकन व त्याची मर्यादा

कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ ही दोन महामंडळे मानांकनाची नोंदणीकृत धारक आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कारागीर या आठ जिल्ह्यांत राहतो एवढ्यानेच त्याला मानांकनाचे चिन्ह वापरता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शिवाय भारतातील नोंदणीचे संरक्षण परदेशात आपोआप लागू होत नाही. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तीही याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत या कारणास्तव. मानांकन नावाचे रक्षण करू शकते, पण त्या नावास साजेसा माल वेळेवर पुरविण्याची व्यवस्था ते उभी करू शकत नाही.

कंपनीची शिस्त म्हणजे काय?

'आधुनिक कंपनी' म्हटले की यंत्रे व कारखान्याची इमारत डोळ्यांपुढे येते. चपलेच्या बाबतीत मात्र हाताचे काम हेच तिचे मोल आहे. ते यंत्राकडे सोपविल्यास विकण्याजोगे वेगळे असे काहीच उरणार नाही. कंपनीकडून घ्यावयाची ती कामाची शिस्त, आणि तिची अंगे मुख्यतः चार आहेत.

पहिले अंग मापाचे. प्रत्येक क्रमांकाचा साचा, तळाची जाडी व टाक्यांमधील अंतर ठरवून एक नमुना जोड सर्वांपुढे ठेवला, तर दहा घरांत झालेले काम एका पेटीत शोभते. दुसरे अंग नोंदीचे. कातडे कोठून आले, कोणी बेतले, कोणी शिवले, हे लिहिलेले असले म्हणजे दोष कोठे शिरला ते कळते आणि चांगल्या कामाचे श्रेयही योग्य हाताला मिळते. चपलेचा उगम ग्राहकास कळावा म्हणून महामंडळाने २०२५ मध्ये क्यूआर कोडची पद्धत आणली, तिचा पायाही अशी नोंदच होय. तिसरे अंग वेळेचे. मागणी घेण्यापूर्वी कातड्याचा साठा व पावसाचे दिवस हिशेबात धरावे लागतात. चौथे अंग मोबदल्याचे. कामाचा दर आधी जाहीर असावा आणि तो करणाऱ्याच्या, स्त्री असल्यास तिच्याच, खात्यात जमा व्हावा.

अथणीचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे या दिशेने झालेला प्रयत्न उद्बोधक आहे. बंगळूर येथील 'असेंट' या संस्थेच्या पुढाकाराने तेथील चर्मकार स्त्रियांचे बचत गट स्थापन झाले आणि त्यांतून 'टोहोल्ड' ही कारागिरांची संस्था उभी राहिली. नवे घाट व गुणवत्ता यांचे प्रशिक्षण घेऊन या कारागिरांनी आपला माल परदेशी बाजारपेठेत पाठविला. घरात शिवण करणारी स्त्री येथे संस्थेची घटक बनली.

मालकी कारागिराची

शिस्त वरून लादली गेली, तर कारागिराला ती नवी उचलच वाटेल. म्हणून मालकीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कंपनी कायद्यातील उत्पादक कंपनीची तरतूद या दृष्टीने उपयुक्त आहे. हस्तव्यवसाय व कुटीरोद्योग करणारे किमान १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदास मत एकच असते. सहकाराची परंपरा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यास हे तत्त्व अपरिचित नाही; साखर व दूध यांबाबत ते येथे रुजलेले आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि अल्प व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. या योजनेतील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. त्या वेळी घरातील स्त्री-कारागिराचे नाव सुटू नये, याची काळजी सदस्यांनी घ्यावी. गावातील कारागिरांची यादी करून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीसाठी त्यांना महामंडळापर्यंत पोहोचविणे, हेही पंचायतीस सहज करता येईल. शिक्षकांनी मुलांना कातडे कमावण्याची व चप्पल बांधण्याची रीत कारागिराच्याच तोंडून ऐकविली, तर या कामाविषयीची अढी कमी होण्यास मदत होईल.

चपलेला बाजारपेठ आहे आणि कसबही अजून जिवंत आहे. मात्र ते पुढच्या पिढीने घ्यावयाचे असेल, तर त्या पिढीला या कामात नियमित मिळकत, आपल्या नावाची नोंद आणि निर्णयात वाटा मिळाला पाहिजे. त्यासाठी दहा घरांनी एकत्र येणे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.